फायरवॉलच्या मॅनेजमेंट सर्व्हरवर दूरून लॉगिन करायचे, तर कोणत्या वाटेने?

पंचगंगाकाठ — धागाकर्ता

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बसून एका सहकारी पतसंस्थेचे नेटवर्क सांभाळतो. 34 शाखांमधल्या फायरवॉल (जाळ्यात काय येऊ-जाऊ द्यायचे ते ठरवणारी उपकरणे) एकाच मॅनेजमेंट सर्व्हरवरून चालतात आणि तो सर्व्हर ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये आहे. रूल लिहिणे, पॉलिसी म्हणजे रूलांचा संच शाखांकडे पाठवणे, लॉग पाहणे, बॅकअप घेणे ही सगळी कामे मी इथूनच करतो. गेल्या चार वर्षांत प्रत्यक्ष त्या रॅकसमोर उभे राहण्याची वेळ दोनदाच आली होती. तिसरी गेल्या महिन्यात आली आणि तीच या धाग्याचे कारण आहे.

त्या रात्री साडेअकरा वाजता मी डेटा सेंटरच्या फायरवॉलवर नवी पॉलिसी पाठवली. रूल वरून खाली क्रमाने तपासले जातात; जुने रूल एकत्र करताना तळाशी राहायला हवा असलेला ‘बाकी सारे अडवा’ हा क्लीनअप रूल माझ्या स्वतःच्या प्रवेशाच्या रूलच्या एक ओळ वर सरकला होता. वरचा रूल खालच्याला झाकतो आहे, अशी सूचना आलीही होती; रोज येणाऱ्या सूचनांपैकीच ती एक असावी असे समजून मी पुढे गेलो. प्रगतीचा हिरवा पट्टा ऐंशीच्या आसपास थांबला, रूल लिहायच्या कन्सोलची खिडकी पांढरी पडली आणि शेजारच्या एसएसएचच्या (सर्व्हरला दूरून कमांड देण्याच्या) खिडकीत टाइप केलेली अक्षरे उमटेनाशी झाली. शाखांचे व्यवहार वरच्या रूलांवर चालत असल्यामुळे सुरू राहिले, हे नशीब. मी मात्र पुणे-बंगळूर महामार्गाने रात्रभर गाडी चालवून सकाळी सातला ऐरोलीत पोहोचलो. तिथे फायरवॉलला थेट जोडायची कन्सोल केबल होती, पण तिचे नऊ पिनांचे टोक लावायला लॅपटॉपला पोर्टच नव्हते. शेजारच्या रॅकवर काम करणाऱ्या एका भल्या माणसाने यूएसबीचे अडॅप्टर दिले, तेव्हा कुठे लॉगिनची ओळ पडद्यावर आली.

आता संचालक मंडळाने ‘दूरस्थ प्रवेशाची एक पद्धत ठरवून द्या’ असे लेखी मागितले आहे. माझ्यासमोर चार पर्याय आहेत: ब्राउझरमधून वेब पोर्टल, व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा कूटबद्ध खासगी बोगदा) जोडून लॅपटॉपवरचा ग्राफिकल कन्सोल, डेटा सेंटरमधल्या विंडोज जंप सर्व्हरवर (आत जाण्यासाठीच्या मधल्या मशीनवर) आरडीपी, म्हणजे त्याचा पडदा दूरून वापरणे, किंवा थेट एसएसएच. जाणकारांनी आपापला अनुभव कारणांसह सांगावा, ही विनंती.

मुठाकाठचा प्रशासक

तुम्ही प्रसंग मोकळेपणाने सांगितलात, हे फार चांगले केलेत. माझे पहिले म्हणणे असे की मंडळाचा प्रश्नच थोडा बदलून घ्यावा लागेल, कारण त्या सर्व्हरवर तुम्ही एक काम करत नाही. रूल लिहिणे आणि पाठवणे हे ग्राफिकल कन्सोलचे काम आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचे पॅच (दोष दुरुस्त करणारे बदल), बॅकअप, डिस्क भरली का ते पाहणे, अडकलेली प्रोसेस पुन्हा सुरू करणे हे एसएसएचचे काम आहे. सर्व्हर बूटच होत नसेल, तर या दोन्हींचा उपयोग नसतो. प्रत्येक कामाला त्याची वाट द्यावी आणि जी वाट कोणत्याही कामाला लागत नाही ती बंद करावी.

वेब पोर्टलबद्दल मात्र मी ठाम आहे: ते इंटरनेटवर कधीही उघडे ठेवू नये. पासवर्ड कितीही मोठा असला, तरी पासवर्ड विचारणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष निघाला की त्या पासवर्डला काही अर्थ उरत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सिस्कोच्या राउटर-स्विचवरच्या आयओएस एक्सई प्रणालीच्या वेब इंटरफेसमधल्या दोषातून जगभर हजारो उपकरणांवर सर्वोच्च अधिकाराची नवी खाती तयार केली गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलवरच्या पॅन-ओएस प्रणालीमध्ये जो दोष जाहीर झाला, त्यात व्यवस्थापनाच्या वेब इंटरफेसपर्यंत पोहोचणाऱ्याला पासवर्डविनाच प्रशासकाचे अधिकार मिळत होते, आणि पॅनोरामा हा त्यांचा मॅनेजमेंट सर्व्हरही त्या यादीत होता. दोन्ही वेळी ज्यांचा इंटरफेस फक्त आतल्या ठरावीक पत्त्यांनाच दिसत होता, त्यांना पॅच लावायला उसंत मिळाली.

अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षेच्या संस्थेने 13 जून 2023 रोजी तिथल्या संघराज्याच्या नागरी कार्यालयांना याच विषयावर बंधनकारक आदेश दिला होता. व्यवस्थापनाचा इंटरफेस इंटरनेटवरून दिसतो असे आढळले, तर 14 दिवसांच्या आत तो तिथून काढावा, किंवा त्याच्यापुढे प्रवेश तपासणारी स्वतंत्र यंत्रणा बसवावी, असे त्यात म्हटले आहे. ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या दाराची काळजी आहे, त्याच दाराने पाहुण्याची ओळख तपासायची, ही रचना त्यांनी मान्य केली नाही.

रात्रपाळी

एकच प्रश्न विचारतो. तुमचा व्हीपीएन कोणत्या उपकरणावर संपतो?

पंचगंगाकाठ

डेटा सेंटरच्या त्याच फायरवॉलवर, ज्याची पॉलिसी मी पाठवत होतो. त्या रात्री व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवत होता, पण त्यातून पुढे काहीच जात नव्हते.

रात्रपाळी

मग तुमच्या चारही पर्यायांत निवडण्यासारखे काही नाही, कारण चारही एकाच दारातून जातात. वेब, कन्सोल, आरडीपी, एसएसएच हे दाराच्या आतले रस्ते आहेत. दाराला कुलूप तुम्ही आतून लावता आणि किल्लीही आतच ठेवता, ही खरी अडचण आहे. आधी दुसरे दार करा; कोणता रस्ता चांगला, ही चर्चा त्यानंतरची.

टोरांटोहून स्मिता

रात्रपाळींच्या मुद्द्याला जोडून लिहिते. इथे कॅनडात 8 जुलै 2022 रोजी रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळले आणि सव्वा कोटीच्या घरातल्या ग्राहकांचे फोन व इंटरनेट बंद पडले. इंटरॅकची डेबिट सेवासुद्धा त्या दिवशी ठप्प होती. राउटरच्या कॉन्फिगरेशनमधला एक फिल्टर बदल करताना निघाला, त्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा जाळ्याच्या गाभ्यातल्या (कोअर) राउटरांवर आला आणि त्यांना तो पेलवला नाही. पुढे दूरसंचार नियामकासाठी झालेल्या स्वतंत्र तपासणीचा सारांश 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला माझ्या मते सर्वांत बोलका भाग असा की कंपनीचे व्यवस्थापनाचे जाळे त्याच कोअर जाळ्यावर अवलंबून होते. दुरुस्ती करणारे अभियंते उपकरणांपर्यंत पोहोचू शकत नव्हते आणि कंपनीचेच मोबाइल असल्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलणेही अवघड झाले होते.

त्याच्या आधी, 4 ऑक्टोबर 2021 रोजी, फेसबुकच्या बाबतीतही असेच झाले. देखभालीच्या एका कमांडने डेटा सेंटरांना जोडणारे कणा-जाळे तुटले, ती कमांड अडवायला हवी असलेल्या तपासणीच्या साधनात दोष निघाला आणि अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेली वेगळी वाटही चालली नाही. शेवटी माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली आणि तिथली भौतिक सुरक्षा इतकी कडक होती की आत जाऊन उपकरणाला हात लावण्यातही वेळ गेला. पंचगंगाकाठ, तुमच्या 34 शाखा आणि ही जगभर पसरलेली जाळी यांच्या आकारात काहीच साम्य नाही, पण चूक अगदी तीच आहे.

मुठाकाठचा प्रशासक

रात्रपाळी आणि स्मिताताईंचे म्हणणे पूर्ण मान्य. मी कामांच्या वाटणीत गुंतलो आणि मुळाशी गेलो नाही.

विंडोजवाला

जंप सर्व्हरच्या बाजूने मला बोलायचे आहे, कारण आरडीपीचे नाव काढले की लोक लगेच नाके मुरडतात. बहुतेक कंपन्यांचा ग्राफिकल कन्सोल हजारो ऑब्जेक्ट सर्व्हरवरून खेचून आणतो. कोल्हापूरहून व्हीपीएनमधून तो उघडायला दोन-तीन मिनिटे लागतात आणि पॉलिसी अर्ध्यावर असताना घरचे इंटरनेट गेले, तर सेशन तिथेच लटकते. तोच कन्सोल सर्व्हरच्या शेजारच्या विंडोज मशीनवर असेल, तर तुमच्याकडे फक्त चित्र येते. लाइन तुटली तरी तिकडे काम चालूच राहते आणि पुन्हा जोडल्यावर जिथे होतात तिथेच सापडता. शिवाय मॅनेजमेंट सर्व्हरला फक्त त्या एका मशीनचा पत्ता मान्य करता येतो. आमच्याकडे चेक पॉइंट कंपनीच्या फायरवॉल आहेत. त्यांच्या मॅनेजमेंट सर्व्हरवर कन्सोल कुठून जोडता येईल त्या पत्त्यांची यादी असते. सुरुवातीला तिथे ‘कोणीही’ असे ठेवले गेले होते. आता दोनच पत्ते आहेत.

वारणेची लेक

विंडोजवाला यांच्याशी मी निम्मी सहमत आहे. कामाच्या सोयीबद्दल ते म्हणतात ते खरे, पण त्या मशीनवर काय काय साठते तेही पाहायला हवे. मी ज्या ठिकाणी काम करत होते, तिथे जंप सर्व्हर कार्यालयाच्या नेहमीच्या डोमेनमध्ये (एकाच ठिकाणाहून सगळी खाती सांभाळणाऱ्या गटात) होता. हिशेब विभागातल्या कोणाच्या तरी लॅपटॉपवर फसवा मेल उघडला गेला आणि तपास करताना आमच्या लक्षात आले की त्या डोमेनच्या प्रशासकाचा पासवर्ड गेला असता, तर फायरवॉलच्या कन्सोलपर्यंत एकही नवा अडथळा नव्हता. कोणी तिथवर पोहोचले नव्हते, तरी त्या आठवड्यात आम्ही ते मशीन डोमेनमधून काढले.

म्हणून माझ्या अटी अशा. ते मशीन फक्त याच कामाचे असावे, त्यावर मेल किंवा ब्राउझिंग नसावे. आरडीपीमधून लॅपटॉपची ड्राइव्ह आणि क्लिपबोर्ड आत नेण्याची सोय बंद असावी. कन्सोलमध्ये पासवर्ड साठवलेला नसावा. आणि आरडीपीचे 3389 हे पोर्ट व्हीपीएनच्या बाहेर कधीही दिसू नये; मे 2019 मध्ये जाहीर झालेल्या आरडीपीच्या ब्लूकीप दोषात लॉगिन होण्याआधीच जुन्या विंडोजवर ताबा मिळवता येत होता, हे विसरता येत नाही.

टर्मिनलप्रेमी

एसएसएचबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 1995 साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, त्यानंतर तिथल्या टाटू यलोनेन यांनी एसएसएच लिहिले. त्याआधीच्या टेलनेटमध्ये टाइप केलेले प्रत्येक अक्षर उघडे जात असे. मात्र ‘एसएसएच आहे म्हणजे सुरक्षित आहे’ हे समीकरण अपुरे आहे.

पासवर्डने लॉगिन बंद करून की (डिजिटल किल्ली) वापरावी. ओपनएसएसएच 8.2 या फेब्रुवारी 2020 च्या आवृत्तीपासून यूएसबीच्या सुरक्षा कीवर आधारलेली की बनवता येते. तिची खासगी की लॅपटॉपवर उघडी नसते आणि प्रत्येक लॉगिनला त्या तुकड्याला बोट लावावे लागते. मात्र अनेक कंपन्यांच्या उपकरणांत जुनी आवृत्ती असते, तिथे ही सोय चालेल असे धरून चालू नये; अशा वेळी ती निदान मधल्या बास्टियन मशीनवर (ज्यातून गेल्याशिवाय आत जाता येत नाही त्या मशीनवर) लावावी. बास्टियनमधून पुढे जाताना एजंट फॉरवर्डिंग (लॅपटॉपवरची की मधल्या मशीनला वापरू देणे) वापरू नये, कारण बास्टियनवर रूट अधिकार असलेला कोणीही तेवढ्या वेळात तुमच्या नावाने दुसरीकडे लॉगिन करू शकतो. त्याऐवजी प्रॉक्सीजंप वापरावा. त्यात बास्टियन फक्त पाइप असतो आणि ओळख थेट तुमच्या लॅपटॉपची आणि अंतिम सर्व्हरची पटते. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या ओळखीचा जो फिंगरप्रिंट दिसतो, तो आपण सगळे न वाचता ‘येस’ म्हणून मोकळे होतो. ऐरोलीला गेलात की कन्सोलवर तो पाहून लिहून आणा आणि मग ताडून पाहा.

आणि एसएसएचही व्हीपीएनच्या मागेच ठेवा. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या डेटा दाबून लहान करणाऱ्या (कॉम्प्रेशनच्या) लायब्ररीत लपवलेले मागचे दार उघडकीस आले, तेही अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचे लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेते आहे याची शंका आली म्हणून. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएसएसएचमध्येच लॉगिनपूर्वी वापरता येण्याजोगा दोष जाहीर झाला.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. दुसरे दार म्हणजे प्रत्यक्षात काय घ्यायचे, आणि फायरवॉलच्या कंपनीचे सपोर्ट अभियंते बंगळूरहून स्क्रीन शेअरिंगने आत येतात, त्यांचे काय करायचे?

रात्रपाळी

दुसऱ्या दारासाठी फार खर्च लागत नाही. रॅकमध्ये एक छोटा सिरियल कन्सोल सर्व्हर (कन्सोल केबलचे दुसरे टोक लावून दूरून वापरायचे उपकरण) आणि त्याला वेगळ्या कंपनीच्या सिमचा 4जी राउटर, एवढ्यावर काम भागते. राउटर स्वतःहून तुमच्या कोल्हापूरच्या कार्यालयाकडे वायरगार्डचा किंवा आयपीसेकचा (दोन्ही व्हीपीएनचेच प्रकार) बोगदा उघडेल अशी रचना करा, म्हणजे त्याच्याकडे बाहेरून कोणतेही पोर्ट उघडे लागणार नाही. त्या राउटरचा आणि तुमच्या फायरवॉलचा एकमेकांशी कोणताही संबंध नको. नावावरून पत्ता शोधणारे डीएनएससुद्धा नको, पत्ते आकड्यांत लिहा. फायरवॉलच्या कन्सोल पोर्टची केबल कन्सोल सर्व्हरला कायमची लावून ठेवा.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर जो वेगळा व्यवस्थापन नियंत्रक असतो, आयड्रॅक किंवा आयलो म्हणतात तो, त्यालाही याच वेगळ्या जाळ्यात घ्या. तिथून सर्व्हर बंद असला तरी चालू करता येतो, बूटचा पडदा दिसतो. पण त्यातले आयपीएमआय, म्हणजे अशा नियंत्रकाशी जाळ्यावरून बोलण्याची जुनी पद्धत, बंद करा. आयपीएमआय 2.0 च्या रचनेतच असा दोष आहे की खात्याचे नाव माहीत असेल, तर लॉगिन न करताही पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून गणिताने काढलेली खूण) मिळतो आणि तो घरी नेऊन फोडत बसता येते. हा दोष पॅचने जात नाही.

आणखी एक सवय लावा. जुनिपरच्या उपकरणांत ‘कमिट कन्फर्म्ड’ अशी सोय आहे: बदल लागू होतो, पण 10 मिनिटांत तुम्ही पुन्हा पुष्टी केली नाही, तर उपकरण आपणहून जुन्या कॉन्फिगरेशनवर परतते. सिस्कोच्या राउटरवर आमच्या पिढीने बदलाआधी ‘रीलोड इन 10’ टाइप करून तोच परिणाम साधला. तुमच्या उपकरणात अशी सोय कोणत्या नावाने आहे ते शोधा. ती असती, तर त्या रात्री तुम्ही चहा पिईपर्यंत सगळे पूर्ववत झाले असते.

वारणेची लेक

सपोर्टच्या प्रश्नावर. कायमस्वरूपी बसवलेले स्क्रीन शेअरिंगचे साधन त्या जंप सर्व्हरवर अजिबात नको. फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्क या अशाच साधनाच्या कंपनीनेच आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर करून प्रमाणपत्रे रद्द केली होती. तुमचा दोष नसताना तुमचे दार त्यांच्या घराला जोडले जाते. अभियंत्याला त्याच्या स्वतःच्या नावाचे, काही तासांनी आपोआप बंद होणारे खाते द्या, तो काम करत असताना समोर बसा आणि सेशन रेकॉर्ड करा. ‘अ‍ॅडमिन’ हे एकच खाते चौघांत वाटले, तर लॉगमध्ये काय झाले ते दिसते, कोणी केले ते दिसत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत आणि घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायचे आहे. त्या 6 तासांत ‘अ‍ॅडमिन म्हणजे कोण’ हे शोधत बसणे परवडत नाही. लॉग त्या सर्व्हरवरच ठेवू नका, दुसरीकडे पाठवा.

टोरांटोहून स्मिता

दुहेरी ओळखीबद्दल, म्हणजे पासवर्डसोबत मागितल्या जाणाऱ्या दुसऱ्या पुराव्याबद्दल, एक गोष्ट राहून गेली. फोनवर ‘मंजूर’ दाबायची सूचना ज्या सेवेतून येते, ती सेवा तुमच्याच फायरवॉलमधून बाहेर जात असेल, तर आणीबाणीत ती येणारच नाही. दर 30 सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड फोनवर इंटरनेटविना तयार होतो, फक्त घड्याळे जुळलेली हवीत. म्हणून दुसऱ्या दारावर कोड किंवा यूएसबीची की ठेवावी. बाहेरची ओळख-यंत्रणा जोडल्यानेही नवे दोष येऊ शकतात. ऑगस्ट 2025 मध्ये सिस्कोच्या फायरवॉल मॅनेजमेंट सेंटरमध्ये जो दहापैकी दहा तीव्रतेचा दोष निघाला, तो रेडियस या बाहेरच्या ओळख-यंत्रणेने लॉगिन चालू ठेवलेल्यांनाच लागू होता. एक स्थानिक खाते त्याच्यापासून वेगळे, लांब पासवर्डचे, बंद पाकिटात ठेवावे आणि पाकीट फोडल्याची नोंद व्हावी.

मुठाकाठचा प्रशासक

आणि मॅनेजमेंट सर्व्हरचे उपकरणांकडचे दारही तपासा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेला फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिमॅनेजर या मॅनेजमेंट सर्व्हरचा दोष प्रशासकाच्या लॉगिनमध्ये नव्हता. फायरवॉल ज्या 541 पोर्टवरून मॅनेजरशी बोलतात, तिथे होता, आणि त्यातून त्या मॅनेजरला जोडलेल्या फायरवॉलची कॉन्फिगरेशन चोरली गेली. शाखांचे पत्ते स्थिर असतील, तर त्या पोर्टवर फक्त तेच 34 पत्ते येऊ द्या.

पंचगंगाकाठ

सात आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. मंडळाला ‘एक पद्धत’ न देता दोन पानांचे टिपण दिले आणि ते मंजूर झाले. कार्यालयात व्हीपीएनचे वेगळे उपकरण बसवले. डेटा सेंटरकडे जाणारा त्याचा बोगदा आता त्या फायरवॉलवर संपत नाही. रूलचे काम जंप सर्व्हरवरच्या कन्सोलमधून होते, ऑपरेटिंग सिस्टीमचे काम बास्टियनमार्गे एसएसएचने होते आणि वेब पोर्टल फक्त जंप सर्व्हरच्या पत्त्याला उघडते. सपोर्टला परवा पहिल्यांदा चार तासांचे खाते दिले.

4जी राउटर आणि कन्सोल सर्व्हर लावून झाल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही मुख्य लाइन मुद्दाम बंद केली. दुसरे दार उघडलेच नाही. शोधल्यावर कळले की राउटरमधले सिम तीन महिने पडून असलेल्या जुन्या साठ्यातले होते आणि वापर नाही म्हणून ते बंद झाले होते. नवे सिम घातले आणि पुढच्या रविवारी पुन्हा लाइन काढली. बोगदा 40 सेकंदांत उभा राहिला, मी कोल्हापुरातून फायरवॉलच्या कन्सोलवर लॉगिन केले, जाणूनबुजून चुकीचा रूल टाकला आणि तो तिथूनच काढला. आता तो राउटर दर तासाला कार्यालयातल्या एका मशीनला पिंग (‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश) करतो. पिंग आला नाही तर मला एसएमएस येतो. सहकाऱ्याने रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला यूएसबीचे अडॅप्टर दोरीने बांधून ठेवले आहे.